शेवंताक्कांच्या लेकी

आमच्या वास्तुशांतीला लोकांनी भिंतीवरची घड्याळं दिली. भोरच्या बाजारपेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे हे ठाऊक असून दिली. त्या आहेरांच्या ढिगात एकच वस्तू वेगळी होती, आणि ती बघून सुरेखाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातातला कुंकवाचा करंडा पडता पडता राहिला. पत्र्याच्या डब्यात लावलेला वीतभर निवडुंग. त्याला हिरव्या खणाचं ब्लाउजपीस नेसवलेलं आणि शेंड्याला हळदकुंकू.

डबा आणणाऱ्या बाई सत्तरीच्या, काटक, नाकात चमकी. त्यांनी डबा सुरेखाच्या हातात दिला, पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाल्या, "लेक दिलीया तुमच्यात. संबाळा. आजपासनं तुमी आमचं इवाई."

इवाई म्हणजे व्याही. माझी स्वतःची मुलगी तेव्हा चौथीत होती. तिच्या आधी असा मी व्याही झालो, आणि तेही मुलाकडचा.

या शेवंताक्का. आळीच्या टोकाला मुलींचं एक वसतिगृह होतं, तिथं त्यांनी आयुष्यभर भाकऱ्या थापल्या. वसतिगृह बंद पडलं, पण त्याच्या आवारातली एक खोली आक्कांकडं राहिली. मूळच्या त्या वेल्ह्याकडच्या, विंझरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे तिथल्या. दिल्या होत्या किकवीकडं. नवऱ्यानं दुसरी आणली आणि यांना घराबाहेर काढलं, तेव्हा एक पावसाळा माहेरी काढला. भावजयीला ते खपेना. भाऊ काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणंच आक्कांना जास्त लागलं असावं. त्या निघाल्या, आणि निघताना बांधावरच्या निवडुंगाची एक कांडी तोडून घेतली. माहेराहून आणलेली वस्तू म्हणाल तर तेवढीच. हे सगळं आळीला माहीत होतं, पण ते आक्कांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं.

आता हा निवडुंग म्हणजे हाताच्या पंजासारखा असतो तो फड्या निवडुंग नव्हे. हा डोंगरउतारावर खडकातून उगवतो. मनगटाएवढी हिरवी कांडी, कांडीला धारा, धारेवर जोडीजोडीनं काटे. पावसाळ्यात शेंड्याला चार पानं येतात, पाऊस सरला की गळून जातात. कुठंही तोडला की पांढरा चीक भळाभळा वाहतो आणि तो अंगावर उडाला तर कातडी भाजते. लोक याला शेताच्या कडेला लावतात, तेही गुरं आत येऊ नयेत म्हणून. घरात आणून त्याला ब्लाउजपीस नेसवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आक्कांचं त्याच्यावर फार प्रेम. म्हणायच्या, "गुलाब रुसतो, तुळस सुकती. ह्यो कुनाकडं काय मागत न्हाई. ह्याला जेवू घालू नका, पानी पाजू नका, फकस्त दारात उभं राहू द्या." हे शेवटचं वाक्य तर त्यांचं पालुपदच होतं. भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायच्या. भाजीवाला म्हणायचा, आक्का, कोथिंबीर घ्या आणि मला दारातनं जाऊ द्या.

आमच्या आळीत चार घरं. पहिलं कांबळ्यांचं, ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक. दुसरं आमचं. तिसरं शिंदेवहिनींचं आणि चौथं निवृत्त तलाठी तात्यांचं. आक्कांनी चारही घरी एकेक लेक दिलेली होती. शिंदेवहिनींना मुलाच्या बारशाला, तात्यांना साठीच्या शांतीला, कांबळ्यांना नवी मोटरसायकल घेतली तेव्हा. प्रत्येक घर त्यांचं इवाई आणि प्रत्येक घरची बाई त्यांची इहीन. चार घरी नाती जोडून बाई मोकळ्या झाल्या.

आम्ही मात्र ती लेक नांदवली नाही. काटेरी झाड घरात असलं की भांडणं होतात, असं सुरेखाला तिच्या मावशीनं फोनवर सांगितलं. त्या फोनवरूनच आमचं भांडण झालं, तेव्हा पुरावाही मिळाला. तिसऱ्या दिवशी मी डबा उचलला आणि ब्लाउजपीसासकट परसदारामागच्या ओढ्यात टाकून आलो. शिंदेवहिनींनी बाळाला टोचेल म्हणून टाकला. तात्यांनी का टाकला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तलाठी माणूस, कारण तोंडी सांगायची सवय नव्हती.

महिनाभरानं, बाजारच्या दिवशी, आक्का दारात हजर. पायातली चप्पल बाजूला काढून म्हणाल्या, "लेकीची खबर घ्यायला आले."

सुरेखाचा चेहरा पडला. तिनं मला हाक मारली, मी शिंदेवहिनींना फोन लावला, वहिनींनी तात्यांना. कुणाकडंच लेक नव्हती. शेवटी कांबळ्यांच्या घरून उत्तर आलं, की गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं बहुतेक आहे. कांबळ्यांचा वास्तूबिस्तूवर अजिबात विश्वास नाही. घरात बुद्धाची मूर्ती आणि पुस्तकांचं कपाट, त्यामुळं भांडणाच्या भीतीनं झाड टाकायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी ते गच्चीवर ठेवलं आणि विसरून गेले. निवडुंगाला हेच हवं असतं. तो मजेत वाढला होता.

मी आक्कांना ओसरीवर बसवून घड्याळांच्या गप्पा मारल्या, तोवर कांबळ्यांनी परसदारच्या भिंतीवरून डबा दिला, सुरेखानं तो घरातल्या कुंडीत बसवला आणि खिडकीत नेऊन ठेवला. आक्कांनी बघितला. शेंड्यावरून हात फिरवला. ब्लाउजपीस कुठं गेलं विचारल्यावर सुरेखा म्हणाली, मी शिवून घेतलं. आक्का म्हणाल्या, "बरं केलं. लेकीचं सासूनं नेसलं तरी घरातच ऱ्हातंय."

त्या शिंदेवहिनींकडं जायला उठल्या आणि आमच्या लक्षात आलं, की आता कुंडी त्यांच्या आधी तिथं पोचली पाहिजे.

अशी ती पद्धत पडली. पुढं बरीच वर्षं चालली. दर महिन्याच्या फेरीला आक्का पुढच्या दारानं जायच्या आणि कुंडी मागच्या दारानं. आळीचा मोबाईलवर एक ग्रुप होता, त्याचं नाव आधी 'पाणी कधी येणार' असं होतं, ते बदलून 'कुंडी' केलं. आक्कांकडं बटणाचा फोन, त्यामुळं त्या ग्रुपात नव्हत्या. "आक्का उठल्या." "कुंडी भिंतीवर." "तात्या, घ्या लवकर, हात भरून आला." असे निरोप चालत. चौघांनी एकाच कुंभाराकडून सारख्या कुंड्या घेतल्या अशी थाप सगळ्यांनी मारायची, हेही ठरलं होतं. एकदा तात्या कुंडी घेऊन भिंतीपाशी अडकले, तेव्हा तात्यांच्या बायकोनं आक्कांना लग्नाचा आल्बम पहिल्या पानापासून दाखवला. आक्कांनी प्रत्येक फोटोतल्या माणसाची चौकशी केली. तात्यांच्या बायकोलासुद्धा आपले एवढे नातेवाईक आठवत नव्हते.

सुरुवातीला आक्का आमच्याकडं पाण्याचा थेंब घेत नसत. लेकीच्या सासरी, नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय, आईनं काही घ्यायचं नाही, हा जुना रिवाज. आम्ही आग्रह करायचो, त्या हात जोडायच्या. पोहे समोर निवून जायचे आणि मग ते मला खावे लागायचे.

मग एका पावसाळ्यात त्या एकुलत्या एक निवडुंगाला बुडाजवळ कोंब फुटला. बोराएवढा, कोवळा, काटेसुद्धा अजून मऊ. आक्कांनी तो कांबळ्यांकडं पाहिला आणि मटकन खाली बसल्या. "नातू झाला," म्हणाल्या. कांबळ्यांच्या घरी त्यांनी त्या दिवशी पहिला चहा घेतला. मग आमच्याकडं आल्या, आमच्याकडंही नातू. शिंदेवहिनींकडंही. तात्यांकडंही. एका दिवसात चार नातू, चार चहा. त्या रात्री त्यांना झोप लागली नसणार, आनंदानं म्हणा नाहीतर चहानं.

तेव्हापासून आक्कांचा चहा हा एक सोहळाच झाला. कप घ्यायच्या, बशीत ओतायच्या, फुंकर घालायच्या, एक घोट घ्यायच्या, बशी खाली ठेवायच्या. मग सुरेखाच्या सासूपणाची, म्हणजे निवडुंगाच्या सुनेपणाची, चौकशी. मग दुसरा घोट. चहा पार पाणी व्हायचा तरी बाई उठायच्या नाहीत. दुकान उघडायला उशीर व्हायचा आणि मी आतल्या आत चरफडायचो. सुरेखा म्हणायची, म्हातारं माणूस आहे, पिऊ द्या निवांत.

घात केला तो आमच्या पाहुणचारानं. नातू झाल्यापासून कुंडीचं कौतुक वाढलं. जिच्या घरी कुंडी जाईल ती तिला तांब्याभर पाणी घालायची, कारण रिकाम्या हातानं कसं पाठवायचं. आक्का पाणी पाजू नका म्हणून सांगून दमल्या होत्या, पण ते सांगणं आम्ही पालुपद म्हणून ऐकत होतो, सूचना म्हणून नाही. गेल्या पावसाळ्याअखेरीस कांबळ्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. कांडी पिवळी पडून मऊ झाली होती, बोट लावलं की आत जात होतं. कोंबही गळून पडला होता.

एरवी एक झाड कुजलं तर कोण विचारतो. पण बाजारचा दिवस चार दिवसांवर होता, आणि आक्कांचं आमच्या घरी येण्याचं निमित्त ते झाड होतं. नुसतं ये-जा करणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवायचं नाही आणि न बोलावता त्या यायच्या नाहीत. झाड गेलं हे कळलं असतं, आणि त्याच्या मागोमाग इतक्या वर्षांची बनवाबनवी कळली असती, तर त्या पुन्हा कुणाच्या पायरीवर चढल्या नसत्या. सुरेखा तर रडायलाच लागली.

कांबळ्यांनी आधी नदीकडून एक फड्या निवडुंग आणला. तात्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, ही दुसऱ्याच गावची पोरगी आहे. आक्कांच्या वाडीचाच निवडुंग पाहिजे, हे सगळ्यांना पटलं. कांबळ्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं मोटरसायकलवरून निघालो. कापूरहोळ, नसरापूर, विंझर, आणि तिथून वर कच्च्या रस्त्यानं वाडी.

वाडीत विचारत विचारत आक्कांच्या भावाच्या घरापाशी पोचलो. म्हादू त्यांचं नाव. आक्कांहून लहान, पण दिसायला थोरले वाटत होते. ओट्यावर बसून दोर वळत होते. बांधावरचा निवडुंग न्यायचाय म्हटल्यावर त्यांना हसू आलं. म्हणाले, न्या की, त्याला कोण इचारतंय. कुणासाठी, असंही विचारलं. कांबळे सरळ माणूस, त्यांनी सांगून टाकलं.

म्हातारबांचा हात दोरावर थांबला. त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. "बरी हाय?" एवढंच म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता उठून आत गेले. दार ओढून घेतलं. कांबळ्यांना ते सहन झालं नाही. त्या बंद दाराला त्यांनी मोठ्यानं ऐकवलं, "आमच्या आळीत हायेत. लई बऱ्या हायेत."

मी बांधावर कोयता चालवत होतो आणि लक्ष त्या दाराकडं होतं. कांडी तुटली, आणि चीक उडाला तो थेट माझ्या उजव्या डोळ्यात. डोळ्यात तिखट गेलं तर काय होतं हे ज्याला माहीत आहे, त्यानं त्याच्या वरचं काहीतरी समजावं. मी खाली बसलो. ज्या डोळ्याला भिंग लावून मी घड्याळाची चाकं बघतो तोच हा डोळा, माझं पोट त्याच्यावर. कांबळे पाणी पाणी करत धावले, आणि तेवढ्यात ते दार उघडलं. म्हातारबा कळशी घेऊन आले. एका हातानं माझी हनुवटी धरली आणि दुसऱ्या हातानं डोळ्यावर पाण्याची धार धरली. कळशी संपली, दुसरी आणली. तीही संपवली. त्या सगळ्या वेळात तोंडातून एक शब्द नाही.

भोरला येऊन डॉक्टरांना दाखवलं. लगेच भरपूर पाण्यानं धुतलं म्हणून वाचलात, असं त्यांनी सांगितलं आणि पट्टी बांधली. निवडुंगाची कांडी बांधावरच राहिली होती.

सुरेखा म्हणाली, आता लपवण्यात अर्थ नाही, मी जाऊन आक्कांना सांगते. इतक्या वर्षांत आमच्या घरातून आक्कांच्या खोलीवर जाणारी ती पहिलीच. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "खोलीमागं तिन्ही हायेत. आपली पन. छातीला लागंल एवढी झाली. हिरवं ब्लाउजपीस अजून बुडाला बांधल्यालं हाय."

तिन्ही लेकी आक्कांनी ओढ्यातून शोधून, उचलून नेल्या होत्या. ज्यानं ज्या आठवड्यात टाकली, बहुतेक त्याच आठवड्यात. म्हणजे त्या पहिल्यांदा खबर घ्यायला दारात उभ्या राहिल्या, तेव्हा आमची लेक त्यांच्याच खोलीमागं होती.

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. बाजारचा दिवस नव्हता. उंबऱ्याबाहेर थांबल्या, चप्पल काढली नाही.

"आता हितं लेक न्हाई माजी," म्हणाल्या. "येऊ का?"

सुरेखानं त्यांना हाताला धरून आत आणलं. त्या माझ्या समोर बसल्या, पट्टीकडं बघितलं. मी काहीतरी बोलायला गेलो, आम्ही फसवलं वगैरे, तर त्यांनी हात वर केला. तोंडावर हसू होतं.

"चार लेकींची चार पोरं अन् चौघं एकाच तोंडवळ्याची? एकाच कुशीवर चौघांनाबी डाग? येवढं कळत न्हाई व्हय मला?" मग म्हणाल्या, "म्हणून तर च्या सावकाश प्यायची. कुंडी पुढच्या घरी पोचायला येळ नको? तात्यांचं वय झालंय."

मी एका डोळ्यानं त्यांच्याकडं बघत राहिलो. माझ्या उशिरा उघडलेल्या दुकानाचा हिशेब आता कुठं लागला.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोलून? लेक न्हाई म्हटल्यावर कशाला आले असते तुमच्यात? तुमी भिंतीवरनं कुंडी नाचवत हुता, ती माज्यासाठीच की. आमच्या किकवीवाल्यांनी येवढं कधी केलं न्हाई." मग त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हादू हुता?"

"होते."

"इचारलं का माजं?"

"विचारलं. बरी हाय का, म्हणाले. कांबळ्यांनी सांगितलं, लई बऱ्या आहेत."

"पानी त्यानं वतलं?"

"दोन कळशा."

आक्कांनी पदराचं टोक बोटावरून सोडवलं. "तसाच हाय," म्हणाल्या. "बोलायचं सोडून समदं करील." आणि मग चमकीवरून ओघळलेलं पाणी त्यांनी पदरानं नाही, तळहातानं पुसलं. मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला पट्टी उपयोगी पडली.

सुरेखानं चहा आणला. आक्कांनी कप हातानं मागं सारला. नातू गेला, आता लेकीच्या घरचं घ्यायचं नाही, हे त्यांनी सांगायचीही गरज नव्हती. आम्हाला रिवाज पाठ झाला होता.

सुरेखानं कप परत पुढं ठेवला. "लेकीच्या घरचा नका घेऊ, आक्का," ती म्हणाली. "ह्यो म्हायेरचा हाय."

आक्कांनी तिच्याकडं बघितलं, मग कपाकडं. पायातली चप्पल अजून तशीच होती, ती काढून त्यांनी बाजूला सरकवली. चहा बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला आणि बशी खाली ठेवली. मागच्या भिंतीपाशी कुणी उभं नव्हतं, कुठली कुंडी कुठं पोचायची नव्हती. तरी तो चहा त्यांनी नेहमीपेक्षाही सावकाश प्यायला.